गप्प पिल्लाच्या रक्तातला

मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं घर तेच. सकाळी आपल्याला उठवण्यात त्याचा हात असतो, मध्यरात्री तो पार ओसरतो. संकट आलं की मेंदूचा निरोप येतो आणि तो रक्तात साखर वाढवतो, पळायला बळ यावं म्हणून. काम झालं की निरोप थांबवायलाही तोच सांगतो. एरवी गुणी. पण आई दिसेनाशी झाली, तर तान्ह्याला त्याहून मोठं संकट कोणतं?

स्टॅनफर्डमध्ये सीमोर लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी छोट्या स्क्विरल माकडांत हे मोजलं. अर्ध्या तासाची ताटातूट, आणि पिल्लाच्याच नव्हे, आईच्या रक्तातही तो चढलेला. ऱ्हीसस माकडांत तर त्याचा खरा स्वभाव कळला. शेजारच्या पिंजऱ्यात आई दिसत होती ती पिल्लं जास्त ओरडली, पण त्यांच्यात तो कमी होता. अगदी एकटी ठेवलेली पिल्लं कमी ओरडली. त्यांच्यात तो जास्त. आपण रडण्याला हळहळतो, तो गप्प पिल्लापाशी मुक्काम करतो.

गंगाखेड, सोनपेठकडून दिवाळीच्या सुमाराला उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर जोडपी, निघतात, लेकरू आजीपाशी राहतं. आजी सांगते, "दोन दिवस रडलं, मग रुळलं." माकडाचं माप लेकराला जसंच्या तसं लावू नये, तरी या 'रुळलं'वर माझा चटकन विश्वास बसत नाही.

आजीचं मोल मात्र मी कमी लेखत नाही. गोदावरीच्या दक्षिणेकडचं आपलं बॉनेट माकड बघा. रोझेनब्लम आणि कॉफमन यांनी १९६०च्या दशकात पाहिलं, की आई नेली तरी कळपातल्या इतर माद्या पिल्लाला जवळ घेतात आणि ते सावरतं. वानरांतही गुलाबी तोंडाचं काळं पिल्लू या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असतं.

मला खटकतं ते एवढंच: "फोन करू नकोस, पुन्हा रडायला लागतं," असं आईला सांगितलं जातं. करू द्या फोन, रडू द्या लेकराला. विस्कॉन्सिनमध्ये २०१०च्या एका अभ्यासात ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांपुढे भाषण आणि गणितं करायला लावली. नंतर आईचा नुसता फोनवरचा आवाज ऐकलेल्या मुलींत कॉर्टिसॉल लवकर उतरला, जवळजवळ आईने कुशीत घेतल्यासारखा. पुढच्या अभ्यासात आईशी लिहून, मेसेजवर बोलणं करून पाहिलं. त्याने तो हलला नाही; त्याला आवाजच लागतो.