कमी चाललेली गाडी नको

मारुती घ्यावी, सिंगल ओनर असावी आणि मीटर पन्नास हजारांच्या आत असावा. सेकंड हँड गाडीबद्दलचं माझं शास्त्र वर्षानुवर्षं एवढंच होतं आणि विचारील त्याला मी ते ठासून सांगत आले. त्यावर विसंबून ऑफिसातल्या दोघीतिघींनी गाड्या घेतल्या, त्या सुखात आहेत. तेव्हा हे शास्त्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आता ते मला अपुरं वाटतं आणि मी ते कुणाला सांगत नाही.

निमित्त झालं पोलोचं. मी राहते कोथरूडला आणि नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. कंपनीची बस बंद झाली आणि गाडी घेणं भाग पडलं. नवी घ्यायची ऐपत नव्हती. शिवाय मोशीच्या पुढे ट्रेलरला ओव्हरटेक करताना पायाखाली जोर नाही अशी गाडी नको होती. खरं तर हे ट्रेलरचं कारण मी घरच्यांसाठी शोधून काढलं. मला लहान, चपळ, वळणावर रस्ता धरून राहणारी गाडी आवडते, बस्स. चाळिशी उलटलेली बाई असं म्हणाली की लोक जरा बघत राहतात. गाडी बघायला गेलं की "साहेब नाही आले?" हे ठरलेलं. आमच्या साहेबांना पेट्रोलची टाकी कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा सांगावं लागतं.

मामाला फोन केला. आमच्या घरात गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. "पोलो? नको गं बाई. जर्मन गाडी म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. स्विफ्ट घे, डोळे झाकून."

त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. पण फोन ठेवल्यावर, आधीपासून माहीत असलेलीच एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. डिझेल स्विफ्टमध्ये २०२० पर्यंत जे १.३ लिटरचं इंजिन येत होतं, ते मुळात फियाटचं. मारुती ते परवाना घेऊन बनवायची. तेच इंजिन फियाटच्या पुंटोत होतं, लिनियात होतं, टाटाच्या व्हिस्टातही होतं. पुंटो तर आपल्या रांजणगावची. तरी स्विफ्ट ती भरवशाची आणि पुंटो म्हणजे नसती डोकेदुखी, असंच आम्ही सगळे बोलत होतो. इंजिन एकच असताना भरवसा वेगळा कसा? तर स्विफ्टचा कुठलाही भाग तालुक्याच्या दुकानात मिळायचा आणि नाक्यावरच्या फिटरने तशी पन्नास इंजिनं उघडलेली असायची. पुंटोला ही सोय नव्हती. म्हणजे आपण ज्याला गाडीचा भरवसा म्हणतो, त्यातला मोठा वाटा दुकानांचा आणि फिटरांचा असतो.

हा वाटा क्षुल्लक नाही, हेही सांगते. रोज कामावर जाणाऱ्या माणसाची गाडी एका सेन्सरसाठी पंधरा दिवस गॅरेजमध्ये अडकली, तर तिचं इंजिन किती दणकट आहे हे सांगून काय उपयोग? म्हणूनच अबार्थ पुंटोवर मी पाणी सोडलं. २०१५ साली आलेली, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती. एक बघितलीही, आणि जीव खालीवर झाला. पण फियाटने इथला गाशा गुंडाळून वर्षं लोटली. ती गाडी मी रविवारी लोणावळ्याला जायला घेईन, सोमवारी चाकणला जायला नाही.

मामाचा सल्ला आणि माझं रोजचं काम यांचा मेळ बसेना तो इथे. कारखान्यात एखाद्या पुरवठादाराचं रेटिंग कितीही चांगलं असो, त्याचा लॉट आला की आम्ही सॅम्पल काढतो आणि गेजवर लावतो. रेटिंग बघून किती नग तपासायचे ते ठरतं. पण हातातला नग पास की रिजेक्ट, हे गेजच सांगतो. स्विफ्ट भरवशाची, हे रेटिंग झालं. आणि सेकंड हँड गाडी म्हणजे एकुलता एक नग, तोही कुणीतरी पाच-सहा वर्षं वापरलेला. तिथे नुसत्या रेटिंगवर सही करणं मला पटेना.

पोलोतही पोलो असतात, हे कळायला वेळ लागला. मला आधी हवी होती ती जीटी टीएसआय. २०१३ साली आली, १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. चालवून बघितली आणि परत येताना बोलणंच सुचेना. मग गिअरबॉक्सबद्दल वाचत बसले. त्यात क्लच दोन आणि दोन्ही कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. गाडी वेगात असली की उत्तम. पण गर्दीत मुंगीच्या पावलांनी सरकायला लागलं की क्लच अर्धवट धरला-सोडला जातो, घासतो, तापतो, आणि ती उष्णता घेऊन जायला तेल नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल बदलून द्यायचं जाहीर केलं. उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळे आतल्या विजेच्या भागांत बिघाड होऊ शकत होता. क्लचला तेल नसलं तरी गिअरना असतं, म्हणून हा प्रकार. चाकणचा तळेगाव चौक संध्याकाळी सहाला ज्याने बघितलाय, त्याला बाकी काही सांगायला नको. महाबळेश्वरला राहणाऱ्याने ही गाडी खुशाल घ्यावी. माझ्या रस्त्याला ती भरवशाची नाही.

२०२० साली बीएस-६ आलं तेव्हा पोलोत एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं, ११० अश्वशक्तीचं. त्याला सहा गिअरचा साधा मॅन्युअल मिळतो. पोलो २०२२ मध्ये बंद झाली खरी, पण त्याच घराण्यातलं इंजिन आजही टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हियात बसतं. म्हणजे फिल्टर, कॉइल, पंप यांची चिंता नाही. हेडलॅम्प आणि बंपरची थोडी आहे.

शोध तिथे येऊन थांबला आणि समोर दोन गाड्या राहिल्या. माझं मत खरं बदललं ते या दोन गाड्यांमुळे.

पहिली औंधची. निवृत्त गृहस्थ, एकटेच वापरणारे, मीटरवर अठरा हजार. कव्हर काढलं तर शोरूममधून आत्ताच बाहेर आणल्यासारखी. माझ्या जुन्या शास्त्राप्रमाणे तिथल्या तिथे टोकन द्यायला हवं होतं. मी बोलता बोलता विचारलं, "काका, तेल कधी बदललं होतं?" ते म्हणाले, "पंधरा हजारांना बदलतात ना? मग एकदा बदललं की." त्यांचा हिशेब बिनचूक होता, पण त्यातून वर्षं गळाली होती. पंधरा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आणि त्यांचं जाणं कुठे, तर भाजी मंडई, बँक, देऊळ. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. असं झालं की न जळलेलं थोडं पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते. नेहमी लांब पल्ल्यावर जाणाऱ्या गाडीत ती तापून उडून जाते, इथे साचत राहते. आणि टर्बोचा दांडा तर त्याच तेलाच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो.

भोसरीचे माझे गॅरेजवाले बरोबर होते. त्यांनी तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, साईसारखा थर. बोटाने निपटून दाखवला. "ताई, हे पाणी. इंजिन गेलंय असं नाही म्हणत मी. पण ही गाडी चाललीच नाहीये." मग टायरजवळ बसले. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर गाडीच्याच वयाचे, नक्षी भरपूर शिल्लक आणि कडेला बारीक भेगा. रबर ताठ झालं होतं. काकांचं यात काही वाकडं नव्हतं. माणूस सज्जन, गाडी जिवापाड जपलेली. पण उद्यापासून तीच गाडी रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर पळवायची, हे धाडस होतं.

दुसरी कोल्हापूर पासिंगची, मीटर शहाऐंशी हजार. मालक विक्री विभागातला तरुण, आठवड्याला कोल्हापूर-पुणे. पूर्वी अशी जाहिरात मी उघडूनही बघितली नसती. पण याच्या किलोमीटरमधले बहुतेक हायवेवर टॉप गिअरला झालेले. तिथे क्लच क्वचित दाबला जातो, इंजिन नीट तापतं, ब्रेक कमी झिजतात. शहरातल्या वीस हजारांत क्लच प्लेटचे जे हाल होतात, ते हायवेच्या पन्नास हजारांत होत नाहीत. चौथ्या गिअरला, कमी वेगात, ॲक्सिलरेटर एकदम दाबून बघितला. आरपीएमच्या मानाने वेगही चढत गेला, म्हणजे क्लच घसरत नव्हता.

त्याने एक फाइल पुढे केली. तेलाची बिलं तारखेनुसार लावलेली, दरवेळी दहा हजारांच्या आसपास. प्रत्येक बिलावर मीटरचा आकडा, आणि आकडे एका चालीने चढत गेलेले. मीटर मागे घेतलेला असता तर कुठेतरी उडी दिसली असती. विम्यात नो क्लेम बोनस पन्नास टक्के होता. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो तिथवर पोचतो. पण हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की आधीच्या गाडीवरून आणलेला आहे. त्याने सरळ सांगितलं. डावा दरवाजा घासला होता, तो स्वतःच्या खर्चाने रंगवला, हेही सांगितलं.

सांगितलं तरी मोजलंच. कारखान्यातला रंगाची जाडी मोजायचा गेज परवानगी काढून आणला होता. टपावर, बोनेटवर सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास, डाव्या दरवाजावर अडीचशेच्या पुढे. पुट्टी भरलेली असती तर आकडा याच्या कितीतरी वर गेला असता. म्हणजे माणूस बोलला तेवढंच काम झालेलं. गाडी कोल्हापूरची आणि २०२१ चा पूर लक्षात होता, म्हणून चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढले. बुडालेली गाडी धुतात, पुसतात, सीट कव्हर नवी घालतात. पण गुंडाळीच्या तळाशी राहणाऱ्या पट्ट्यावर गाळाचा डाग बहुधा तसाच राहतो. इथे पट्टे स्वच्छ होते. कर्जाचा बोजा आर.सी.वरून उतरला होता, बाकी कागदपत्रंही ठीक होती.

गाडी घेतली. लगेच पुढचे लोअर आर्मचे बुश, दोन टायर आणि कूलंट असा खर्च निघाला. तो होणारच होता, त्यासाठी पैसे बाजूला काढलेले होते. असे पैसे हाताशी नसतील तर टर्बोच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मामा अजून म्हणतो, "लाखाच्या पुढे बघू काय होतं ते." त्याचंही बरोबर आहे, बघूच. ज्याला गाडीत रस नाही, ओळखीचा गॅरेजवाला नाही, गाड्या हिंडून बघायला वेळ नाही, त्याच्यासाठी मामाचंच शास्त्र बरं.

एक डीलर मात्र विसरता येत नाही. त्याची गाडी चमचमीत होती आणि तो म्हणत होता, रात्रीपासून जागची हलली नाही. बोनेटवर हात ठेवला तर चांगलं गरम. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावला तर बिघाड एकही नाही, पण स्वतःच्या तपासण्या हा संगणक सतत करत असतो, त्या सगळ्या 'अपूर्ण' दाखवत होत्या. बिघाडांची नोंद कुणी पुसली की तसं दिसतं, आणि तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी काही दिवस चालावी लागते. नुकतीच कुणीतरी पाटी पुसली होती. मी नमस्कार करून निघाले.

इंजिनातल्या साखळीची खडखड, धूर, मरगळलेली बॅटरी, जे काही लपवायचं असतं ते थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटात बाहेर येतं. गरम इंजिन बरंच पोटात घालतं. तेव्हा बघायला जायच्या आधी विकणाऱ्याला फोन करा आणि सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." तो का-कू करायला लागला, तर जाऊच नका.