बिस्किटांचा पुडा

बंगळुरूच्या बसवनगुडीत दोड्ड गणपतीच्या देवळाबाहेर एक आजी बसायची. पैसे द्यायचे नाहीत, खायला द्यायचं, असा माझा नेम होता. त्यामुळे पर्समध्ये बिस्किटांचे पुडे असायचे. तिच्या पदरात एक टाकला की माझं मन हलकं व्हायचं.

एका सकाळी पाऊस आला आणि आम्ही दोघी एकाच आडोशाला उभ्या राहिलो. तिनं गाठोडं सोडलं. आत पुडेच पुडे होते, न फोडलेले. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं, खात का नाही? तिनं पायाची चिंधी सोडून जखम दाखवली आणि एकच शब्द उच्चारला, “शुगर.”

वर्षभर मी तिला गोड देत होते.

माझ्या आजीची आठवण झाली. तिच्याकडे वार लावून जेवणारा एक विद्यार्थी यायचा. त्याला तिखट सोसत नाही, म्हणून मंगळवारची आमटी बेतानं व्हायची. अन्न तर बहुतेक घरांत मिळे. आजीनं त्याला काय सोसतं हेही जाणून घेतलं होतं.

या शहरात माझ्या वतीनंही दान होतच असतं. कर्नाटकात १९७५च्या कायद्यानं भीक मागायला बंदी आहे. पकडलेल्यांना मागडी रस्त्यावरच्या निराश्रितांच्या केंद्रात नेतात आणि त्या खर्चासाठी घरपट्टीवर ३ टक्के उपकर आकारला जातो. त्याच केंद्रात ऑगस्ट २०१०मध्ये काही दिवसांतच कितीतरी माणसं दगावली. पैसे होते, छप्पर होतं. आजारी माणसाजवळ वेळेवर कुणी बसलं नव्हतं. २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिल्लीपुरती भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. गरिबी हा अपराध नव्हे, हे कायद्यालाही उशिरा उमगलं. मला तरी कुठे लवकर उमगलं?

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे प्रार्थनास्थळांबाहेर बसलेल्यांना तिथंच फुटपाथवर तपासतात, औषध देतात, जमेल त्याला कामाला लावतात. त्यांच्याएवढं बळ प्रत्येकात नसतं. पण सिग्नलला कडेवरचं मूल गुंगीत दिसलं तर १०९८ हा नंबर फिरवता येतो. नाणं द्यावंसं वाटलं तर तेही द्यावं. ज्याचं पोट, त्याला त्याची गरज कळते. आणि सगळ्यांत आधी थांबून विचारावं.

त्या आडोशाला मी आजीला विचारलं, “काय हवंय?” मला वाटलं, पैसे मागेल. तिला सोबत हवी होती. सरकारी दवाखान्यात जायचं होतं, पण चिठ्ठी कुठे काढायची, रांग कोणती, हे तिला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं व्हिक्टोरिया रुग्णालयात गेलो. रांगेत उभी राहिले मी, बाकावर बसली ती. ड्रेसिंग होईपर्यंत दुपार झाली. त्या दिवशी माझ्या पैशांपेक्षा माझा वेळच जास्त लागला.

बाहेर येताच तिनं विचारलं, “ऊट आय्ता?” जेवलीस का? मी मान हलवली. तिनं गाठोड्यात हात घालून एक पुडा काढला, पदरानं पुसला. खुणेनंच म्हणाली, तुला कुठे शुगर आहे, खा.

मी हात पुढे केला.