गच्चीचा राखणदार

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कबुतरे बिनभाड्याने राहत असतील. एसीच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली, खिडकीच्या छज्जावर त्यांचा संसार थाटलेला असतो आणि ‘मुका जीव आहे, राहू दे’ असे म्हणून आपण खिडकी लोटून घेतो. घरात कोणी वयोवृद्ध किंवा दम्या-खोकल्याचे रुग्ण असतील, तर मात्र या शेजाराकडे थोडे निरखून पाहावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.

माझ्या पत्नीला कोरडा खोकला होता आणि एक जिना चढताच धाप लागे. छातीचा सीटी स्कॅन व इतर तपासण्या झाल्यावर तज्ज्ञांनी ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस’ असे निदान केले. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतील आणि पिसांवरील भुकटीतील प्रथिने वारंवार श्वासावाटे आत गेली, की काही व्यक्तींच्या फुप्फुसांना सूज येते. हे दीर्घकाळ चालले तर फुप्फुसाचा तेवढा भाग कायमचा कडक होतो आणि कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. त्यामुळे औषधांच्या बरोबरीने संपर्क तोडणे अपरिहार्य. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, “काकू, गच्ची किंवा कबुतरे, एकाचीच निवड करा.” गच्चीवरची तुळस, मोगरा आणि सकाळचे ऊन सोडायला ती तयार नव्हती.

तेव्हा तांबूची नेमणूक झाली. तांबू हा आमचा सहा वर्षांचा देशी कुत्रा. तो घरात राहावा की नाही, हेही डॉक्टरांना विचारून घेतले, आपणही विचारावे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटीच्या विमानतळावर पायपर नावाचा बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा धावपट्टीवरचे पक्षी उठवीत असे. २०१८ साली तो वारला. अशा कुत्र्याने पक्ष्याला उठवायचे असते, पकडायचे नसते. पाखरामागे धावणे कुत्र्याच्या रक्तातच असते, म्हणून आमची खरी मेहनत थांबवण्यावर झाली. पहिले दोन आठवडे घरातच ‘बस’, ‘थांब’ आणि ‘इकडे ये’ एवढेच पाठ. सांगितल्यासारखे केले की पनीरचा नखाएवढा तुकडा. हे पक्के झाल्यावर लांब दोरी बांधून त्याला गच्चीवर नेले. ‘हाकल’ म्हटले की धावायचे, ‘इकडे ये’ म्हटले की परतायचे, आणि खाऊ मिळे तो परतल्यावरच. सकाळ-संध्याकाळ पाच-सात मिनिटे पुरतात. अधिक ताणले की तो कंटाळतो आणि आपणही. दोरी माझा भाचा धरीत असे. सत्तरीतल्या माणसाने धावत्या कुत्र्याची दोरी मनगटाला गुंडाळणे म्हणजे खुब्याचे हाड मोडून घेण्याची तयारीच. गच्चीला छातीएवढा कठडा आणि त्यावर जाळी नसेल, तर हा उद्योग आरंभूच नये.

मध्येच एक अडचण उभी राहिली. टाकीखालच्या घरट्यात दोन अंडी निघाली. कबुतराची अंडी साधारण अठरा दिवसांत उबतात आणि पिल्ले आणखी महिनाभराने उडतात. मी घरटे उचलण्याच्या विचारात होतो. पण जिचा श्वास पणाला लागला होता, तिनेच मला अडवले. जवळजवळ दीड महिना गच्चीचे दार बंद राहिले आणि ती खिडकीच्या काचेतून तुळशीला नमस्कार करीत राहिली. पिल्ले उडाल्यावरच टाकीखाली जाळी ठोकली.

सफाईविषयी सांगतो, कारण घरोघरी नेमकी इथेच गफलत होते. वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने कधीही झाडू नये. साबणाच्या पाण्याने ती पूर्ण भिजवावी, मग पुसून काढावी. हे करणाऱ्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत. रुग्णाने तर तिकडे फिरकूही नये.

आता आमचा क्रम ठरला आहे. साडेसहाला तांबू आणि मी वर जातो. पाखरे फडफडत उडाली की धूळ उठते, म्हणून त्या वेळी ती खाली असते. मी फरशी धुतो, तांबूचे पाय आणि अंग ओल्या फडक्याने पुसतो आणि अर्ध्या तासाने तिला हाक मारतो. दुपारी तांबू घोरतो, तेव्हा कबुतरे कठड्यावर येऊन बसतात. तेवढा वेळ जाळीवर भिस्त.

समोरच्या इमारतीतील एक आजी यजमान गेल्यापासून रोज ज्वारी टाकतात. त्यांच्याशी कायद्याची भाषा बोलणे मला जमले नाही. पत्नी त्यांच्याकडे गेली, स्वतःचे रिपोर्ट दाखवले, चहा घेऊन आली. दाणे अजून पडतात, मात्र आमच्या बाजूच्या छज्जावर नाहीत.

तिचा खोकला बराच उणावला आहे. धाप तशीच आहे; फुप्फुसाचा कडक झालेला भाग काही परत येणार नाही. पण सात ते आठ गच्ची तिची असते आणि तांबू तिच्या खुर्चीपाशी पाय पसरून पडलेला असतो. समोरच्या तारेवर एखादे कबुतर येऊन घुमू लागले, की तो कान टवकारतो आणि आधी तिच्या तोंडाकडे पाहतो.