रॅमच्या जोडीचा हिशेब

डेस्कटॉपसाठी रॅम निवडण्याची सुरुवात मदरबोर्डपासून होते. डीडीआर४ २०१४ मध्ये बाजारात आली आणि डीडीआर५ चे मानक २०२० मध्ये जाहीर झाले. दोन्हींच्या स्टिकला पिना २८८ च असतात. पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळे, १.२ आणि १.१. त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. एएमडीच्या एएम४ बोर्डांना डीडीआर४ लागते, एएम५ ला डीडीआर५. इंटेलच्या एच६१० सारख्या बोर्डांत मात्र दोन्ही प्रकार निघतात, म्हणून बोर्डाचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय रॅम घेऊ नये. एच६१ आणि एच८१ च्या जुन्या मशीनना २४० पिनांची डीडीआर३ लागते, आणि कितीही हौस असली तरी या बोर्डांची मजल १६ जीबीपर्यंतच.

यानंतर चॅनल. इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. साताऱ्यात असो वा सांगलीत, मशीन असेंबल करून घेणारे गिऱ्हाईक ‘आठ जीबी टाका’ किंवा ‘सोळा टाका’ एवढेच सांगते. ते जीबी किती स्टिकमध्ये वाटायचे, हे ना विचारले जाते ना सांगितले जाते. डीडीआर४ च्या एका चॅनलची रुंदी ६४ बिट, म्हणजे एका खेपेला ८ बाइट. ३२०० वेगाची एकच स्टिक असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहितीची ने-आण होते. दोन चॅनलांत एकेक स्टिक बसवली की हाच आकडा ५१.२ होतो. साध्या डेस्कटॉपला चॅनल दोनच असतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून निघते, त्यामुळे तिथे एका स्टिकचा आणि दोन स्टिकचा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. चांगल्या प्रोसेसरचे पैसे मोजलेले मशीन एका स्टिकवर वर्षानुवर्षे चालताना पाहिले की हळहळ वाटते. डीडीआर५ ची स्टिक आतून ३२ बिटांच्या दोन भागांत विभागलेली असते, म्हणून एकीनेच ड्युअल चॅनल होते असा समज पसरला आहे. दोन्ही भाग मिळून रुंदी ६४ च भरते; जोडी इथेही लागतेच.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक लावायच्या असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. एका चॅनलचे दोन स्लॉट एकाच तारेवर ओळीने असतात. स्टिक जवळच्या स्लॉटमध्ये आणि टोकाचा स्लॉट रिकामा, अशी मांडणी झाली तर त्या मोकळ्या टोकावरून सिग्नल परततो आणि वेग वाढवताना मशीन अडखळते. शेजारी-शेजारी लावलेल्या दोन स्टिक बहुधा एकाच चॅनलमध्ये जातात. एवढे एक पान तरी बोर्डाच्या पुस्तिकेत उघडून पाहावे.

जीबीचा आकडा कामावरून ठरतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात टॅली, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप चालते. त्याला ८ जीबी पुरते, आणि तिथे एकच स्टिक असली तरी फारसे बिघडत नाही. लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओचे गणित वेगळे. १२ बाय ३६ इंचांचे पान ३०० डीपीआयला उघडले की ३,६०० गुणिले १०,८००, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल होतात. आठ बिटांच्या आरजीबीत पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे ११७ एमबी घेतो. असे पंधरा लेयर झाले की पावणेदोन जीबी एका पानातच संपतात. फोटोशॉपने मागच्या पायऱ्या जपून ठेवलेल्या असतात, त्या निराळ्याच. शेजारी आणखी दोन पाने उघडी ठेवणाऱ्या माणसाला १६ जीबी ही सुरुवात आहे, ३२ हा योग्य आकडा. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा साताऱ्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने कॅडच्या सरावासाठी ८-८ ची जोडी घ्यावी आणि स्लॉट चार असलेला बोर्ड निवडावा. बोर्डावर स्लॉट दोनच असतील तर ४-४ ने दोन्ही अडवू नयेत. पुढे वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात.

चारही स्लॉट भरणे मात्र दिसते तेवढे फायद्याचे नाही. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण वाढतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकला अधिकृत वेग ५२०० आहे, तर चार स्टिकला ३६००. डीडीआर५ मध्ये ३२ हवे असतील तर १६ च्या दोनच घ्याव्यात.

२०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर भडकल्यापासून जुनी स्टिक ठेवून शेजारी नवी टाकण्याकडे कल वाढणे साहजिक आहे. ते चालते, पण ४ आणि ८ एकत्र लावल्यास बहुतेक बोर्डांवर आठच जीबी जोडीने काम करतात, उरलेले चार एकटे पडतात; आणि दोघींचा वेग मंद स्टिकवर येतो. मॉडेल नंबर तोच असला तरी आतली चिप वेगळी असू शकते, म्हणून एकत्र तपासून विकलेली जोडी जास्त भरवशाची.

लेबलवरचा वेगही आपोआप मिळत नाही. ३२०० ची अनेक मॉडेल बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करेपर्यंत २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालतात. एएमडीच्या डीडीआर५ साठी हीच सोय एक्स्पो नावाने असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर खरा वेग आणि भरलेले स्लॉट दोन्ही दिसतात. लेबलवरचा सीएल म्हणजे प्रतिसादाला लागणारे घड्याळाचे ठोके; सीएल१६ ची ३२०० आणि सीएल३० ची ६००० या दोघींचा पहिला प्रतिसाद १० नॅनोसेकंदांचाच असतो, तेव्हा केवळ मोठा सीएल पाहून घाबरू नये. डीडीआर५ चे मशीन पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमशी वेळ जुळवत असतो. तेवढा दम धरावा.

पावसाळ्यात दमट हवेने आणि गोदामातल्या धुळीने पिनांवर थर बसतो, मशीन बीप देते आणि खोडरबर बाहेर निघते. त्याने काम होते, पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड अधिक चांगले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी सांगलीत घराघरांत पाणी शिरले होते. अशा पाण्यात राहिलेली स्टिक सुकून चालू झाली तरी चिपखालचा गंज थांबत नाही, तिच्यावर हिशेबाची वही सोपवू नये. जुनी असो वा नवी, बसवल्यावर मशीन यूपीएसवर ठेवून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. एक जरी चूक निघाली तरी ती स्टिक बदलून घ्यावी. त्यासाठी खरेदीच्या वेळीच बिलावर स्टिकचा मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर आवर्जून लिहून घ्यावा.