माळ्यावरची जकात

जागा ही चीज मोठी विचित्र. पुरत नाही म्हणून वाढवावी, तर वाढली म्हणून पुरत नाही. घरातल्या माळ्यावर हे मी तीस वर्षं अनुभवतो आहे. पण याचा साक्षात्कार व्हायचा तर माणसानं भिवंडीत नोकरी करायला हवी.

भिवंडी म्हणजे पूर्वी माग. माग आजही आहेत, पण गावाबाहेर पडलात की राहनाळ, काल्हेर, माणकोली, जिकडे पाहावं तिकडे गोडाऊनं! याचं मूळ जकातीत. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात. मग शहाणे व्यापारी माल हद्दीबाहेर भिवंडीत ठेवत आणि लागेल तसा आत नेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोडाऊनं मात्र वाढतच राहिली. थोडक्यात, भिवंडी हा मुंबईचा माळा आहे, आणि त्यातल्या एका कोपऱ्याचा मी हिशेबनीस.

अशा या गावात एका सोमवारी आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरनं जाहीर केलं, की जागा शिल्लक नाही.

"एवढं मोठं गोडाऊन, आणि पेटीत जागा नाही?" शेठ गरजले. ताबडतोब कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावणं गेलं.

पोरानं पेटी उघडली. आत चार डिस्का, प्रत्येकी चार टेराबाइटच्या. "म्हणजे सोळा," मी म्हणालो. "नाही काका, बारा." आणि पडद्यावर दिसत होते दहा पूर्णांक नऊ! चाळीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या माणसाला भोवळ यायची वेळ. मग त्यानं समजावलं. डिस्क विकणारा हजारानं मोजतो, कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं. त्यात एक तूट. आणि एका डिस्कएवढी जागा नुसती बेरीज ठेवण्यात जाते. तीन आकडे आणि चौथी त्यांची बेरीज. कुठलाही एक हरवला तरी उरलेल्यांवरून काढता येतो. ही बेरीज चारी डिस्कांवर थोडीथोडी वाटून ठेवतात. १९८८ साली अमेरिकेत बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ही रचना निबंधात मांडली, तेव्हा तिच्या नावात 'स्वस्त' असा शब्द होता. पुढे त्याचा 'स्वतंत्र' झाला. का झाला, ते आम्हाला बिल पाहिल्यावर कळलं.

"आधी बघू, जागा खातंय कोण," पोरगा म्हणाला. आठ कॅमेरे, प्रत्येकाचे दिवसाला सुमारे वीस जीबी, आणि शेठचा हुकूम साठ दिवस ठेवण्याचा. झाले नऊ हजार सहाशे जीबी! त्यात काय, तर बंद शटर, आणि पहाटे शटरसमोरून जाणारं एक मांजर. "तीस दिवस ठेवा, निम्मी जागा सुटेल." शेठ म्हणाले, "छे! असू दे. कधी काय लागेल, सांगता येतं?" ठरलं, आठ-आठ टेराबाइटच्या चार नव्या डिस्का.

"काका, हा 'जकात जुने' फोल्डर उडवू?"

मी खुर्चीतून उठलोच. "अरे, कायद्याचे कागद आहेत ते!"

"बरं, राहू दे. पण बॅकअपमध्ये घेत नाही. जकात कधीच गेली."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. २०१७ नंतर जकातीचे कागद कुणी उघडत नाही, हे हेरून मी त्या नावाखाली आमचा खासगी माळा थाटला होता. मुलीच्या बारशापासून लग्नापर्यंतचे फोटो. आणि चाळीस सेकंदांचं एक रेकॉर्डिंग. आईचं बोट मोबाइलवर चुकून दाबलं गेलेलं. तीस सेकंद कुकर, आणि मग, "डबा खाल्लास का रे?" पन्नाशीच्या माणसाला! आई जाऊन सहा वर्षं झाली.

नव्या डिस्का एकेक करून घालायच्या, एका रात्रीला एक. जुनी काढली की उरलेल्या तीन मिळून नवीवर सगळं पुन्हा लिहून काढतात. "तेवढ्यात दुसरी गेली काका, तर सगळं गेलं," असं सांगून पोरगा घरी गेला. राखणीला मी. शेठना वाटलं, काय हा निष्ठावंत माणूस!

आमचं ऑफिस जुन्या गावात, मागांच्या शेजारात. भिवंडीत वीज गेलेली डोळ्यांना कळायच्या आधी कानांना कळते. तिसऱ्या रात्री दोन वाजता खडखडाट एकदम थांबला. यूपीएस किंचाळायला लागला. बॅटरी पंधरा मिनिटांची, आणि पडद्यावर एकाहत्तर टक्के! त्या शांततेत मी पेटीवर हात ठेवून बसलो. शेठची येणी, पावत्या, मांजर, काही आठवलं नाही. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या मोजत होतो.

बाराव्या मिनिटाला माग खडखडले. भिवंडीच्या त्या गोंगाटाला मी जन्मभर शिव्या दिल्या. त्या रात्री हात जोडले.

चौथी डिस्क बसेपर्यंत जागा एका बाइटनं वाढली नव्हती. ती बसली आणि पडदा एकवीस पूर्णांक आठ म्हणाला. शेठ खूष. "मग आता रेकॉर्डिंग एकशे वीस दिवस ठेवा!"

मी 'जकात जुने' दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घरी आणलं. एक कपाटात. दुसरा सौ. म्हणाली माळ्यावर ठेवू. त्यासाठी तिनं जुन्या रेडिओचा रिकामा खोका खाली काढला. "अहो, हा टाकू का?"

"छे!" मी म्हणालो. "असू दे. कधी काय लागेल, सांगता येतं?"