आधी कोरडा कुंचला

१.
रुंद, मऊ केसांचा कोरडा कुंचला. जुन्या खेळण्याची धूळ काढायला बहुतेक वेळा एवढंच लागतं. कुंचल्याच्या दांड्याला केस धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी असते. संग्रहालयातले लोक तिच्यावर टेप गुंडाळतात, म्हणजे हात चुकला तरी रंगावर ओरखडा येत नाही.

२.
पाणी घेण्याआधी विचारायचं: हे कशाचं आहे? लाकूड, पत्रा, ओतीव जस्त, सेल्युलॉइड, पीव्हीसी, रबर, कापड, लाकडाचा भुसा. एकाच बाहुलीत यातल्या तीन-चार गोष्टी असू शकतात. एकीला जे चालतं ते दुसरीला मारतं.

३.
चन्नपटणाच्या खेळण्यांवर लाख असते. लाकूड चरकावर फिरत असताना लाखेची कांडी त्याला टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी आणतात. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते. करोनाच्या काळात घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या आणि दिसेल ते पुसलं गेलं. अल्कोहोलवाला सॅनिटायझर या खेळण्यांना कधीही लावू नका. ऊन लागणाऱ्या खिडकीतही ठेवू नका. उष्णतेने चढलेली लाख उष्णतेनेच मऊ पडते.

४.
सावंतवाडीची लाकडी फळं. आंबा, केळं, सीताफळ. चितार आळीतून आणलेली परडी कित्येक घरांच्या काचेच्या कपाटात अजून आहे. ही फळं धुवायची नाहीत. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, वरचा रंग फुगत नाही, म्हणून पापुद्रे सुटतात. सीताफळाच्या खाचांतली धूळ कोरड्या कुंचल्याने निघते. जी निघत नाही ती राहू द्यावी.

५.
थुंकी.
चित्रं आणि मूर्ती स्वच्छ करणारे तज्ज्ञ कापसाच्या बोळ्यावर थुंकी घेऊन मळ काढतात, आणि हे फार जुनं तंत्र आहे. पोर्तुगालच्या तीन संशोधकांनी १९९० साली त्याची रीतसर तपासणी केली. थुंकीतलं अमायलेज हे विकर मळ सोडवतं, असं त्यांना आढळलं. २०१८ साली त्या कामाला इग नोबेल मिळालं. लोक हसले. निष्कर्ष मात्र खरा आहे.

६.
पत्र्याच्या खेळण्यावरचं चित्र आधी सपाट पत्र्यावर छापतात, मग पत्रा कापून, वाकवून, जिभल्या खाचांत अडकवून मोटार किंवा माकड तयार होतं. पाणी त्या खाचांत शिरलं की बाहेर येत नाही. गंज आतून सुरू होतो, बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काच पुसायच्या अमोनियावाल्या फवाऱ्याने छापील रंग उतरू शकतो.

सगळे सांगतात, पुसायच्या द्रावणाची चाचणी आधी तळाशी करा, कुणाला दिसत नाही. पण कारखान्याचं नाव आणि देश बहुधा तळाशीच असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या नेतृत्वाखालील दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. तेव्हा निर्यातीच्या बऱ्याच मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा छाप असे. एप्रिल १९५२ मध्ये तो ताबा संपला. खेळण्याचं वय सांगणारी तीच एक ओळ. ती पुसली गेली तर वयाचा पुरावा गेला.

७.
टूथपेस्ट हे पॉलिश नाही. त्यात बारीक खरवडणारे कण असतात. पांढरा ‘जादूचा’ स्पंज तर निव्वळ खरवडतो, मऊ लागतो एवढंच. बाहुलीच्या भुवया दोनदा पुसल्या की जातात.

८.
जुन्या बार्बीचे कान हिरवे पडतात. कानातल्या धातूत तांबं असतं, पीव्हीसीशी त्याची प्रक्रिया होते आणि हिरवा डाग कातडीत आत उतरतो. त्यावर मुरुमांचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून बाहुली उन्हात ठेवण्याचा उपाय बराच चालतो. डाग फिकट होतो. पुढे कधी कधी तेवढीच जागा भोवतीपेक्षा पांढरी पडत जाते आणि मग तिला थांबवता येत नाही. माझं मत: कानातलं काढून वेगळं ठेवा, हिरव्याला हात लावू नका.

९.
बाहुलीचे पाय चिकट लागतात. तो मळ नसतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलासारखं द्रव्य बाहेर येत असतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. काही महिन्यांनी पुन्हा चिकट होणार, पुन्हा पुसायचं. टाल्कम पावडर लावली की तिचाच थर बसतो. अशी बाहुली कडक प्लास्टिकच्या डब्यात दाबून ठेवली तर डब्याचा पृष्ठभागही तिच्याबरोबर वितळू लागतो.

१०.
कपाट उघडल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड शोधा. हा पदार्थ कापूर घालूनच बनवत. चटकन पेटतो. अॅसिटोनने विरघळतो. कुजू लागला की नायट्रोजनची आम्लं सोडतो आणि शेजारच्या पत्र्याला गंज चढवतो. तो वेगळा ठेवायचा, हवेशीर, गार जागी. हवाबंद पिशवीत नाही. हेअर ड्रायर तर नाहीच.

११.
दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही ओतीव जस्ताच्या डिंकी खेळगाड्या नुसत्या ठेवल्या-ठेवल्या तडकतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली होती, ती धातूच्या कणांमधून कुरतडत जाते. याला इलाज नाही. धुण्यापुसण्याने उलट ओल मिळते.
डिंकीचे जुने साचे पुढे कलकत्त्याला आले आणि तिथे निकी टॉइज या नावाने गाड्या निघाल्या. त्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना एकच विनंती: पुन्हा रंगवू नका. टवके उडालेला मूळ रंग हाच त्यांचा रंग.

१२.
एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी निघाली. तिचा पहिला कारखाना गोव्यात. भारतात निघालेले जी. आय. जोचे सैनिक आज परदेशातले संग्राहक शोधत असतात, कारण इथले काही रंग तिथे कधी निघालेच नाहीत.

या सैनिकाच्या पोटात एक काळं रबरी कडं असतं, त्याच्यावर धड आणि पाय जोडलेले. पाठीत पोलादी स्क्रू. पाण्यात बुडवला की स्क्रू गंजतो. स्क्रू गंजला की तो खोलता येत नाही, आणि कडं तुटल्यावर तो खोलावाच लागतो. अंगठे ठिसूळ असतात, हातातली बंदूक काढताना मोडतात. म्हणून बंदूक ओढायची नाही, पंजा गरम श्वासाने किंवा कोमट ओल्या फडक्याने थोडं मऊ करून बाजूने सरकवायची. चंदेरी रंगाला कापूसही लावू नये.

१३.
लेगोच्या विटा हाताने, ४० अंशांपर्यंतच्या पाण्यात. असं कंपनीच सांगते. १९६३ च्या आधीच्या विटा मात्र एबीएस प्लास्टिकच्या नाहीत, सेल्युलोज अॅसिटेटच्या आहेत. त्या मुळातच वाकतात. त्यांना गरम पाणी नको.

१४.
पिवळं पडलेलं पांढरं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने पुन्हा पांढरं होतं. बऱ्याचदा पिवळेपणा परत येतो. लेप असमान लागला तर पट्टे उमटतात, ते कायमचे.

१५.
पितळी भातुकली. चिंच, राख, पितांबरी, आणि दिवाळीआधीचा उत्साह. भांडी झळाळतात हे खरं. पण आम्ल पितळेचा वरचा थर खातं, राख उरलेला घासते. तळाशी कोरलेलं आजीचं नाव दर वर्षी थोडं उथळ होतं. आतली कल्हई तर आधीच पातळ. सणाला मांडायची असेल तर मऊ फडक्याने कोरडी पुसून मांडा, काळपट दिसली तरी. पिढ्यान्पिढ्या टिकण्याची ताकद त्या पितळेत आहे, घासण्याने ती कमी होते.

१६.
अस्वल. आत लाकडाचा कीस भरलेला असेल तर भिजवायचं नाही, कीस वाळत नाही, कुजतो. कसर लागली असेल तर पिशवीत घट्ट बांधून -१८ ते -२० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दव आत बसतं.

१७.
सेल फुटून पांढरं आलं. अल्कलाइन सेल असेल तर ते अल्कली आहे, व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेली कापसाची काडी. साधा जस्त-कार्बन सेल असेल तर आम्ल आहे, खाण्याचा सोडा. उलट केलं तर काहीच साधत नाही. हातमोजे दोन्ही वेळा.

१८.
खोक्यावरचं दुकानाचं लेबल, पेनाने लिहिलेली रुपयांतली किंमत, आतल्या झाकणावर एका मुलाचं नाव. काढू नये.

१९.
कोकणात, मुंबईत जुलैमध्ये पाण्याने सफाई करू नका. शिरलेलं पाणी सप्टेंबरपर्यंत आत राहतं. बुरशी दिसली तर मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या कुंचल्याने.

२०.
जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. तेव्हा जुना रंग कोरडा घासायचा नाही, पापुद्रे ओल्या फडक्याने टिपायचे, हात धुवायचे. तान्ह्या मुलाच्या हातात असं खेळणं देऊ नका, कितीही स्वच्छ केलं असलं तरी.

२१.
डब्यात एक चिठ्ठी ठेवा. तारीख, काय वापरलं, कुठे लावलं. पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. तुमच्यानंतर जो कोणी हे खेळणं हातात घेईल, त्याला ती लागणार आहे.