पिवळं पान, हिरवं पान

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी मराठी विकिपीडियावर आमच्या गावचा लेख लिहायला घेतला. ग्रामदैवत, जत्रा, विहिरीचं गोड पाणी, सगळं ओघात आलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर जागोजागी 'संदर्भ हवा'ची पाटी. आता विहिरीच्या पाण्याला संदर्भ कुठून आणू? रागारागानं फोटो चढवायला लागले. माझे फोटो तिरके येतात, हे घरचे कधीपासून सांगत होतेच. चर्चापानांवरही डोकावले, पण वाद घालायचा पिंड नाही माझा.

बँकेत रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी टेबल दाखवलं होतं. इथे साहेबच नाही. तुम्ही काय करायचं, हे कुणी सांगत नाही. काय करू नये, हे मात्र चार जण सांगतात.

मग विकिस्रोत सापडला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. अशी जुनी पुस्तकं तिथे स्कॅन करून ठेवलेली असतात. एका बाजूला छापील पानाचं चित्र, दुसरीकडे यंत्रानं वाचलेला मजकूर. यंत्राला 'ख' दिसला की ते खुशाल 'रव' लिहितं, म्हणजे 'खाणे'चं 'रवाणे'! 'घ' आणि 'ध' तर त्याला सख्खे भाऊच वाटतात. ते आपण दुरुस्त करायचं.

पहिल्याच पुस्तकात मी उत्साहानं बावीस पानं 'शुद्ध' केली. 'नाहीं', 'तें', 'गांव' यांच्या डोक्यावरचे अनुस्वार पुसून टाकले. रात्री एका अनोळखी सदस्याचा निरोप आला: ताई, हे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले, पुस्तक त्याआधीचं आहे. छापलंय तसंच राहू द्या.

मान खाली घालून बावीसही पानांवर एकेक टिंब परत ठेवलं. आणि ते करताना, खरं सांगते, मजा यायला लागली. तीस वर्षं व्हाउचर खातेवहीशी ताडून पाहण्यात गेली होती. डोळ्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

तिथला नियमही ओळखीचा निघाला. न तपासलेलं पान लाल. एकानं तपासलं की पिवळं. हिरवं मात्र दुसऱ्यानंच करायचं, स्वतःचं पिवळं स्वतः हिरवं करता येत नाही. आमच्याकडे तरी काय, व्हाउचर करणाऱ्यानं ते पास करायचं नाही! साहेब नसलेल्या या कारभारावर तेव्हा माझा विश्वास बसला. लेख लिहिणारे लिहोत. मी रोज चहानंतर पाच पानं पिवळी करते, दुसऱ्या कुणाची दोन हिरवी.

आज सकाळी माझं कालचं एक पान हिरवं झालेलं दिसलं. इतिहास उघडून पाहिला. 'घर'च्या जागी मी 'धर' तसंच सोडलं होतं, ते कुणीतरी मध्यरात्री नीट केलेलं. बँकेत यावर मेमो आला असता. मी धन्यवादाची कळ दाबली आणि पुढचं लाल पान उघडलं.